‘स्मृतिचित्रे’तील सामान्य स्त्री

मार्च महिना उजाडला की आमच्या धर्मग्रामांतून महिलादिनाची तयारी सुरू होते. सभागृहात फलक लागतात, एखाद्या विदुषीला पाचारण केले जाते, आणि अलीकडच्या काही वर्षांत या कार्यक्रमांतून एक वाक्य हमखास कानी पडते. ते असे की, प्रत्येक सामान्य स्त्रीच्या अंतरंगात एक ‘सुपरहीरो’ दडलेला असतो. तिने फक्त त्याला ओळखायचे असते. टाळ्या पडतात. बोलणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो आणि ऐकणाऱ्या माताभगिनींना क्षणभर बरेही वाटते. तरीही एक साहित्याचा वाचक म्हणून या वाक्यापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. शब्द एकटे येत नाहीत. आपल्या पाठीवर एखादी गोष्ट घेऊन येतात.

‘सुपरहीरो’ या शब्दाच्या पाठीवरील गोष्ट अमेरिकेतली आहे. १९३८ साली तेथील चित्रकथांतून ‘सुपरमॅन’ अवतरला. तो वर्तमानपत्राच्या कचेरीत चष्मा लावून बसणारा, बुजरा, साधा बातमीदार असतो आणि संकटाची हाक आली की चष्मा काढून आकाशात झेपावतो. १९४१ साली विल्यम मॉल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने त्याच्या जोडीला ‘वंडर वुमन’ निर्माण केली. मुलींनाही आपली म्हणावी अशी पराक्रमी नायिका हवी, ही त्यांची धारणा होती, आणि तिच्यात तथ्य होते. परंतु या सर्व कथांचा साचा पाहण्याजोगा आहे. त्यात सामान्य माणूस हा वेश असतो, खरा मनुष्य त्या वेशाच्या आत लपलेला असतो. चष्मा, कचेरी, पगार, बुजरेपणा हे सारे सोंग; खरे काय ते झग्याखाली.

हा साचा आपल्या आईला किंवा बहिणीला लावून पाहा. मग तिची पहाटेची चूल, आजारी सासूची उष्टीखरकटी, मुलांच्या शाळेची फी, लोकलच्या डब्यातील उभा प्रवास हे सारे वेश ठरते; आणि तिचे मोल ठरते ते या वेशाबाहेर ती कधी झेपावेल त्या क्षणापासून. हे कौतुक आहे की अवमान, हे ठरवणे सोपे नाही. त्याचा निवाडा वादाने करण्यापेक्षा एखाद्या पुस्तकाच्या साक्षीने करावा, असे आम्ही योजिले आहे. मराठीत असे पुस्तक आहे, आणि ते आपल्या ख्रिस्ती घरातलेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या पाठ्यपुस्तकात तुकड्यांनी वाचली असेल. संपूर्ण वाचणारे त्या मानाने थोडे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले आणि नाव मनकर्णिका. अकराबारा वर्षांच्या वयात त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. पुढे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, ते हे टिळक. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, आणि जोडाक्षरांशी त्यांची झुंज पुढेही बराच काळ चालली. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे चरित्र लिहावे या इच्छेने मुलगा देवदत्त याने आईला आठवणी लिहून काढण्याचा आग्रह केला. चरित्रासाठी जमवायला घेतलेल्या या साहित्यातून मराठीतील एक अत्यंत थोर आत्मचरित्र निपजले. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या, आणि शेवटचा भाग त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.

या पुस्तकाची नायिका पहिल्या काही प्रकरणांत नायिका वाटतच नाही. ती ज्या घरात वाढली तेथे वडिलांच्या सोवळेपणाने कळस गाठला होता. बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू आणि व्यक्ती त्यांच्या दृष्टीने विटाळलेली. धुण्यापुसण्याला अंत नाही, आणि त्या पाण्यात घरातल्या बायकामुलांचे आयुष्य भिजून चाललेले. दुसरी एखादी लेखिका हे सांगताना वडिलांवर आसूड ओढील किंवा स्वतःसाठी अश्रू मागेल. लक्ष्मीबाई हसतात. तेही कडवट हसणे नव्हे. वडिलांच्या वेडामागे एक जुनी भीती आहे, हे त्यांना दिसते. त्या भीतीखाली दबलेली आई दिसते. आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली, सगळे टिपून घेणारी एक लहान मुलगीही दिसते. या मुलीपाशी कोणतीही गुप्त शक्ती नाही. तिच्यापाशी डोळे आहेत, आणि जे दिसले ते तसेच सांगण्याची सवय आहे. पुढच्या साऱ्या आयुष्यात तिला याच भांडवलावर व्यापार करायचा होता.

सासरी आल्यावर संकटांचे रूप बदलते. टिळक बुद्धिमान होते, प्रेमळ होते, दात्यांत दाते होते, आणि संसाराला सर्वस्वी निरुपयोगी होते. पैसा हातात टिकत नसे. मनात आले की न सांगता घरातून निघून जात. कुठे गेले, कधी येणार, काही ठाव नाही. एका गावात बिऱ्हाड मांडून होत नाही तोच दुसऱ्या गावचे डोहाळे. त्यातच तान्ही मुले दगावली. आमच्या वाचकांपैकी ज्या भगिनींनी असा ‘मोठा माणूस’ घरात सांभाळला आहे, त्यांना हा भाग वाचताना हसूही येईल आणि घशात आवंढाही येईल. मोठ्या माणसांच्या चरित्रांत त्यांच्या घरातील डब्यात पीठ होते की नव्हते, याची नोंद क्वचितच असते. येथे ती आहे.

पण ज्या पृष्ठांसाठी हे पुस्तक आपण धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबात वाचावे असे आम्ही म्हणतो, ती पृष्ठे १८९५ नंतरची आहेत. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी माहेरच्या माणसांत, पदरी लहानगा दत्तू. बातमी येऊन थडकली तेव्हा लक्ष्मीबाईंचे जग एका दिवसात उभे चिरले गेले. नवरा जिवंत आहे आणि तरी गेला आहे. कपाळी कुंकू आहे आणि तरी लोकांच्या नजरेत वैधव्य आहे. पुढची चारपाच वर्षे त्यांनी ताटातुटीत काढली, त्यांतील काही काळ पंढरपुरात. शोक अनावर झाला तेव्हा त्या पद्यरचना करू लागल्या. जिला धड लिहिता येत नाही, ती दुःखाने कवयित्री होते, ही घटना अद्‍भुत खरी, पण लक्ष्मीबाई तिला अद्‍भुताचे तेज चढवीत नाहीत. त्या काळात कोण काय बोलले, कोणी धीर दिला, कोणी मीठ चोळले, याचा हिशेब त्यांच्या लेखी तितकाच महत्त्वाचा आहे.

ख्रिस्ती प्रवचनकाराला येथे एक मोह पडतो. पती आधी प्रकाशाकडे गेला, पत्नी मागाहून त्याच्या पावलावर पाऊल ठेवून गेली, अशी सुबक कथा सांगून मोकळे व्हावे. ‘स्मृतिचित्रे’ ही सुबक कथा सांगू देत नाहीत. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या आणि होण्याचा त्यांचा विचारही नव्हता. नगरला आल्यावर त्यांनी आपले सोवळे सांभाळले, खाणेपिणे निराळे ठेवले. एका घरात दोन धर्म आणि दोन पाणी! टिळकांनी बळजबरी केली नाही, ही त्यांची थोरवी. पण बळजबरी चालली नसती, ही लक्ष्मीबाईंची. पुढे एके दिवशी, कोणाच्याही प्रवचनावाचून, त्या स्वतःशीच विचार करू लागल्या की माणसे देवाने केली, मग माणसामाणसांतल्या जाती कोणी केल्या? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी ते लगेच अंगात आणले, कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला, आणि ज्या सोवळ्याने त्यांचे बालपण जाळले होते ते त्या दिवशी गळून पडले. बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे त्यानंतर झाला.

आमच्या मते संपूर्ण पुस्तकातील शौर्याचा क्षण हा आहे, आणि त्या क्षणी बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसले नसते. एक बाई बसून विचार करते आहे, एवढेच. त्या बाईने कोणताही वेश उतरवलेला नाही. तिचे शौर्य तिच्या सामान्यपणाहून वेगळे काढून दाखवता येणार नाही, कारण ज्या प्रश्नाने तिला मुक्त केले तो प्रश्न तिच्या चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी, रोजच्या शिवाशिवीपाशीच वाढला होता. आकाशात झेपावणाऱ्या नायिकेला हा प्रश्न पडलाच नसता. तिला पाणी भरावे लागत नाही.

या पुस्तकाच्या इंग्रजी रूपांतरांची नावे पाहिली म्हणजे वाचकांची दृष्टी कशी घसरते ते कळते. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० साली केलेल्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागोमाग जाते’. हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलात फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येतात. तेथे संत पौल स्वतःच्या धावेविषयी बोलत आहे, त्यामुळे नाव देणाऱ्यांच्या मनात तोच संदर्भ असेल तर ते चपखल म्हणावे लागेल. परंतु सामान्य वाचकाला संत पौल आठवत नाही. त्याला पुढे चालणारा नवरा आणि मागे चालणारी बायको दिसते. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाने लक्ष्मीबाईंना ‘स्पिरिटेड वाइफ’, म्हणजे तेजस्वी पत्नी, म्हटले. तेज आले, हे ठीक झाले. पत्नीपण मात्र मुखपृष्ठावरून हलले नाही. मूळ मराठी नावात पतीही नाही आणि पत्नीही नाही, फक्त चित्रे आहेत. आम्हांस ते अधिक प्रामाणिक वाटते.

आणखी एक गोष्ट भाषेची. त्या काळी स्त्रीने नवऱ्याचे नाव घेणे शिष्टसंमत नव्हते. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० सालचे, आणि तेही मराठीचे भूषण. परंतु त्यात न्यायमूर्ती सदैव गाभाऱ्यात आहेत आणि पत्नी उंबऱ्याशी हात जोडून उभी आहे. लक्ष्मीबाई आपल्या पतीला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. ‘टिळक’ रागावले, ‘टिळक’ हरवले, ‘टिळकांनी’ पैसे उडवले. या एका शब्दाने त्या पतीला देव्हाऱ्यातून उचलून अंगणात आणून बसवतात, आणि गंमत अशी की अंगणात बसलेले टिळक आपल्याला अधिक प्रिय होतात. पतीला लहान न करता त्याच्यावर हसणे ही साधी कला नव्हे. आणि जितक्या मोकळेपणी त्या टिळकांवर हसतात तितक्याच मोकळेपणी स्वतःवर हसतात, म्हणून त्यांचे हसणे कोठेही बोचत नाही. वाक्ये छोटी, शब्द घरातले, संवाद जसेच्या तसे. मधूनच मूळ गोष्ट सोडून भलतीकडे वळतात, आणि परत येतात तेव्हा आपण कुठे होतो ते वाचकालाच शोधावे लागते.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. कालक्रम पुष्कळदा ढिला आहे. उत्तरार्धात, विशेषतः शेवटच्या भागात, प्रसंगांची वीण सैल होते आणि पहिल्या भागातील धार सर्वत्र राहत नाही. आम्हां धर्मगुरूंना एक उणीव विशेष जाणवते. प्रभू ख्रिस्ताशी त्यांचे नाते आतून कसे जुळले, याविषयी लक्ष्मीबाई फार थोडे बोलतात. जातीची बेडी कशी तुटली ते तपशिलाने कळते. प्रार्थनेत काय घडत होते ते जवळजवळ कळत नाही. काही समीक्षक याला संयम म्हणतील. आम्हांस वाटते की, या जागी त्यांच्याकडे शब्द नव्हते असे नाही. मिशनच्या वातावरणात त्या अनुभवाचे ठरीव शब्द इतके उपलब्ध होते की, दुसऱ्याचे शब्द उसने घेण्यापेक्षा त्यांनी मौन पसंत केले असावे. हा आमचा तर्क आहे.

या ठिकाणी कॅथलिक वाचकाला एका फ्रेंच संन्यासिनीची आठवण व्हावी. लिझ्यूची संत तेरेज १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तली. तिचे आत्मवृत्त दुसऱ्या वर्षी ‘एका आत्म्याची कहाणी’ म्हणून प्रसिद्ध झाले. तेही आग्रहावरून, मठातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून लिहिलेले. तिच्या बहिणीने प्रकाशनापूर्वी त्या लेखनावर बराच हात फिरवला, आणि तेरेजच्या मूळ वह्या जशाच्या तशा वाचकांसमोर यायला १९५६ साल उजाडावे लागले. त्या वह्यांत प्रार्थनेच्या वेळी डुलकी लागणारी, शेजारी बसून खुडखुड करणाऱ्या भगिनीमुळे जीव मेटाकुटीस आलेली एक तरुण मुलगी आहे. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले. दोघींच्या पंथांत आणि आयुष्यांत महदंतर आहे. पण दोघींनीही लहान गोष्टींना मोठ्या गोष्टींचा वेश चढवला नाही, आणि दोघींच्याही लेखनाला तसा वेश चढवण्याचा मोह इतरांना झाला.

हा मोह आपल्याकडेही आहे, आणि या लेखाचा खरा रोख तेथेच आहे. आपल्या धर्मग्रामात एखादी वृद्ध माता देवाघरी जाते तेव्हा अंत्यविधीत बहुधा नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला जातो. त्यानंतरच्या गौरवपर भाषणांत ती ‘मूकपणे झिजली’, ‘कधी तक्रार केली नाही’, ‘चंदनासारखी’ होती, असे सांगण्यात येते. नीतिसूत्रांतील ती स्त्री मूक मुळीच नाही. ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, व्यापार करते, आणि तिच्या तोंडी शहाणपणाचे बोल असतात. आपल्या भाषणांत यांतले काय उरते? वसईच्या ज्या बाया वर्षानुवर्षे पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुलांचे हारे मुंबईच्या बाजारात नेत आल्या, त्यांनी दलालाशी घासाघीस केली, हिशेब तोंडी ठेवला, घरातल्या दारूशी दोन हात केले, मुलांना शिकवले. त्यांनी तक्रार केली नाही, हे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे सर्वांत कमी खरे वाक्य आहे. त्यांनी भरपूर तक्रार केली. ती लिहून ठेवणारे कोणी नव्हते.

जुनी ‘चंदनासारखी झिजणारी माता’ आणि नवी ‘सुपरवुमन’ या दोघी दिसायला परस्परविरुद्ध असल्या, तरी आमच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाही थकवा येत नाही. दोघींनाही मदत लागत नाही. जिच्यात अमानुष बळ आहे असे एकदा जाहीर केले, तिच्या हातातील हारा उचलायला कोण पुढे होणार? नवरा, मुलगा, धर्मग्राम समिती, आणि आम्ही धर्मगुरूही, टाळ्या वाजवून मोकळे. लक्ष्मीबाई मात्र थकतात, रडतात, चिडतात, आजारी पडतात, शेजारणीकडे मदत मागतात आणि तसे स्पष्ट लिहितात. नगरला प्लेग आला तेव्हा छावणीत जाऊन रोग्यांची सेवा करणारी बाई तीच, आणि भीती वाटली हे सांगणारीही तीच. सेवा आणि भीती यांपैकी एक खरी व दुसरी सोंग, अशी वाटणी तिच्या पुस्तकात सापडत नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर या बाईने जे केले त्याचा उल्लेख न करता हा लेख संपवणे अन्यायाचे होईल. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या जीवनावरील महाकाव्य हाती घेतले होते. मृत्यूमुळे ते थोड्या अध्यायांनंतर थांबले. आपल्या कॅथलिक परंपरेत फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालापासून आहे. त्याचा कर्ता इंग्लंडमधून आलेला, येशूसंघात शिकलेला पंडित. त्यानंतर तीन शतकांनी मराठीत ख्रिस्तचरित्राचे दुसरे मोठे काव्य पुरे करण्याचे काम आले ते शाळेत कधी न गेलेल्या एका विधवेवर. मुलाच्या नोकरीमुळे कराचीला बिऱ्हाड, वय उतरणीला, घरात नातवंडे. या सगळ्यात लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचले. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रां’च्या उंचीला पोहोचत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे, तेथे त्यांचा स्वतःचा आवाज अनेकदा विषयाच्या भाराखाली दबतो. गद्यात त्या कोणाच्या मागोमाग नव्हत्या, पद्यात काही अंशी होत्या.

‘स्मृतिचित्रां’ची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे. ती हाताशी असली तरी, महिला मंडळांनी सामुदायिक वाचनासाठी पुस्तक घेताना संपूर्णच घ्यावे, अशी आमची सूचना आहे. रविवारी सायंकाळी माळेच्या प्रार्थनेनंतर दहाबारा पाने मोठ्याने वाचली तर वर्षभरात ते पुरे होईल. वाचण्याचे काम मात्र पुरुषांकडे असावे, आणि जेथे बायका हसतील तेथे त्यांनी थांबून, त्या का हसल्या ते विचारावे.